मुलांचा मेंदूज्वर: दहा दिवसांचा आकडा आला कुठून?

जिवाणूंमुळे होणाऱ्या मेंदूज्वरात अँटिबायोटिक किती दिवस द्यायचं, हे जंतूवर ठरतं: मेनिंगोकॉकस असेल तर ७ दिवस, हिब (हिमोफिलस इन्फ्लुएंझा टाइप बी) असेल तर ७ ते १०, न्यूमोकॉकस असेल तर १० ते १४. बालरोग विभागातल्या निवासी डॉक्टरांना हे आकडे पाढ्यांसारखे पाठ असतात. त्यातले बरेचसे कुणी मोजून काढलेले नाहीत, वहिवाटीने पडलेले आहेत, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही.

१९४० च्या दशकात पेनिसिलिन हाती आलं तेव्हा मूल जगलं हीच मोठी गोष्ट होती. औषध थांबवायची घाई कुणाला असणार? ताप उतरल्यावर आणखी पाच दिवस इंजेक्शनं द्यायची, असा दंडक पुढे रुळला. शेवटी पाठीतलं (म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचं) पाणी पुन्हा काढून पाहायचं, अशीही पद्धत होती. खरं तर योग्य औषध सुरू झालं की बहुतेक मुलांच्या त्या पाण्यातले जंतू एक-दोन दिवसांत मरतात. पेशी आणि प्रथिनं मात्र पुढेही बराच काळ वाढलेली राहतात. ते आकडे पाहून डॉक्टर धास्तावत आणि मुलाचा मुक्काम वाढत जाई.

तापाचंही तसंच. सहाव्या-सातव्या दिवशी ताप पुन्हा चढतो आणि सगळे मेंदूकडे बघतात. अशा वेळी आधी हाताची चिकटपट्टी सोडून पाहावी. इंट्राकॅथच्या, म्हणजे औषधासाठी शिरेत ठेवलेल्या सुईच्या, वर शीर दोरीसारखी कडक, लाल झालेली असते, बोट लावलं तरी मूल कळवळतं. म्हणजे ज्या सुईतून औषध जातं तीच तापाचं कारण, आणि त्या तापापायी औषध आणखी लांबतं.

सेफ्ट्रायझोन हे अँटिबायोटिक १९८० च्या दशकात आलं. दर चार-सहा तासांच्या इंजेक्शनांऐवजी दिवसातून एकदा देता येऊ लागलं आणि सात दिवस पुरतील का, याच्या चाचण्या सुरू झाल्या. आपल्याकडे चंडीगढमध्ये ६९ मुलांवर सात विरुद्ध दहा दिवस अशी तुलना झाली, ती २००२ मध्ये छापून आली. गुण दोन्हीकडे सारखाच होता. दहा दिवसांच्या गटात रुग्णालयातच जडलेले संसर्ग जास्त होते. आफ्रिकेत तर मेनिंगोकॉकसच्या साथीत तेलातल्या क्लोरॅम्फेनिकॉल या अँटिबायोटिकचं एकच इंजेक्शन देत. नायजरमध्ये २००३ च्या साथीत सेफ्ट्रायझोनचा एक डोसही त्याच्या तोडीस तोड ठरला. पण ती गोष्ट साथीची आणि एका जंतूची.

खरा वाद २०११ साली पेटला. बांगलादेश, इजिप्त, मलावी, पाकिस्तान आणि व्हिएतनाम इथल्या दोन महिने ते बारा वर्षं वयाच्या हजारावर मुलांची चाचणी प्रसिद्ध झाली. निम्म्यांना पाच दिवस सेफ्ट्रायझोन आणि नंतर प्लासिबो, म्हणजे औषध नसलेलं दिखाऊ इंजेक्शन, बाकीच्यांना दहा दिवस खरं औषध. पाच दिवसांच्या गटात दोन मुलांचा आजार उलटला, त्यातल्या एकाला एचआयव्ही होता. दहा दिवसांच्या गटात एकाचाही नाही. एवढ्या फरकावरून लांब उपचार सरस म्हणता येत नव्हता. ‘पाच दिवस पुरे’ हे वाक्य तिथून सगळीकडे पसरलं.

वाक्य चुकीचं नाही, अर्धं आहे. चिठ्ठी टाकून गट पाडले ते पाचव्या दिवशी, आणि तेही फक्त तोवर स्थिर झालेल्या मुलांचे. ज्यांचे झटके थांबले नव्हते, जी शुद्धीवर येत नव्हती, किंवा जी चौथ्या दिवसापर्यंत दगावली, ती या तुलनेत नाहीतच. म्हणजे ‘मेंदूज्वराला किती दिवस?’ याचं उत्तर या चाचणीने दिलेलं नाही. ‘पाचव्या दिवशी सुधारलेल्या मुलाला आणखी किती?’ याचं दिलं आहे. माझ्या मते दुसरा प्रश्नच जास्त कामाचा आहे, कारण रोजच्या राउंडला आपल्यापुढे तोच असतो. शिवाय या मुलांचा मेंदूज्वर सुरुवातीला सांगितलेल्या तीन जंतूंचाच होता. नवजात बाळांना, विशेषतः ग्रॅम-निगेटिव्ह (ई. कोलायसारखे) जंतू असताना, हा आकडा लावणं धोक्याचं आहे. तिथे आजही २१ दिवस धरतात.

आपल्याकडे गाडी अडते ती ‘अर्धवट उपचार झालेला मेंदूज्वर’ या शब्दापाशी. मूल वॉर्डात येतं तेव्हा गावातल्या दवाखान्यात दोन-तीन दिवस अँटिबायोटिक झालेलं असतं. पाठीचं पाणी गढूळ, पेशी वाढलेल्या, पण कल्चर (जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) कोरं. जंतूच कळला नाही तर पाढ्यातली कुठली ओळ लावायची? मग केसपेपरवर दहा ते चौदा दिवस लिहिले जातात. ‘अर्धवट’ या शब्दामुळे काहीतरी राहून गेलं आहे आणि ते जास्त दिवस देऊन भरून काढायला हवं, असं उगाच वाटत राहतं. त्याचा खरा अर्थ एवढाच, की तपासणीआधी औषध पोटात गेलं होतं.

भारतात २०११ च्या अखेरीस केरळ आणि तमिळनाडूपासून पेंटाव्हॅलंट लस सुरू झाली, तिच्यात हिबची लसही असते. २०१७ पासून काही राज्यांत आणि २०२१ मध्ये देशभर न्यूमोकॉकसची लस आली. ज्या तीन जंतूंसाठी हे आकडे ठरले, त्यातल्या या दोघांपासून आता बरीच मुलं आधीच सुरक्षित होत आहेत. कोऱ्या कल्चरच्या मुलाला मात्र अजूनही दहाव्या दिवसापर्यंत नवनव्या शिरा शोधून टोचलं जातं, पाचव्या दिवशीच ते आईच्या मांडीवर बसून पेज खात असलं तरी.