पार्श्वभूमी : प्रयोगशाळेतील पेशी आणि ‘उपचार’ हा शब्द

पेशींवरील संशोधनातून नवे उपचार येऊ घातले आहेत, असे म्हटले जाते तेव्हा त्यात दोन निराळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. प्रयोगशाळेत वाढवलेली पेशी हे रोग समजून घेण्याचे आणि औषध पारखण्याचे साधन असते. क्वचित पेशी हेच रुग्णाच्या शरीरात सोडायचे औषध होते. पुण्याचा लौकिक पहिल्या गोष्टीसाठी आहे, वाद मात्र दुसरीवरून होतात.

शरीराबाहेर पेशी जगवण्याचा खटाटोप विसाव्या शतकाच्या आरंभापासूनचा आहे. पुण्यापुरते बोलायचे, तर १९५२ साली येथे सुरू झालेल्या विषाणू संशोधन केंद्रात १९६७ मध्ये एडिस डासांच्या नुकत्याच जन्मलेल्या अळ्यांपासून सतत वाढत राहणारे पेशींचे वाण, म्हणजे सेल लाइन, तयार करण्यात आले. त्यांपैकी एकातून १९७८ मध्ये वेगळा काढलेला सी६/३६ हा उपवाण डेंगी आणि चिकुनगुन्याचे विषाणू वाढवण्यासाठी आज जगभर वापरला जातो. अळीचा आणि माणसाच्या औषधोपचाराचा संबंध काय, असे कोणाला वाटेल. पण विषाणू हाती आल्याशिवाय त्याच्यावर औषध चालते की नाही, हे तपासणार कशावर?

पुढे १९८६ मध्ये प्राण्यांच्या ऊती व पेशींच्या संवर्धनासाठीची राष्ट्रीय सुविधा पुण्याला मिळाली. आज ती गणेशखिंडीला विद्यापीठाच्या आवारात असून देशभरच्या संशोधकांना सेल लाइन पुरवते. अशा कामात उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवलेली बोटाएवढी कुपी ३७ अंशांच्या पाण्यात धरून वितळवतात, आतल्या पेशी गुलाबी माध्यमात, म्हणजे त्यांना पोसणाऱ्या द्रवात, सोडतात, आणि त्या जोमाने वाढू लागल्या की त्यांनी सोडलेल्या आम्लामुळे माध्यम पिवळे पडू लागते. दिसायला हे साधे आहे. पण एका वाणात दुसऱ्याच वाणाच्या पेशी मिसळल्या आणि ते कोणाच्या ध्यानात आले नाही, तर त्यावर बेतलेले सारे निष्कर्ष फुकट जातात. म्हणून पेशींची ओळख डीएनएवरून पटवून घ्यावी लागते.

१९९८ मध्ये मानवी भ्रूणातील मूलपेशी (स्टेम सेल), म्हणजे ज्यांपासून इतर प्रकारच्या पेशी घडू शकतात अशा पेशी, प्रयोगशाळेत वाढवता आल्या; २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या त्वचेतील पेशींना चार जनुकांच्या साह्याने मूलपेशींसारखे रूप देता आले. अपेक्षा प्रयोगांच्या पुढे धावू लागल्या त्या तेव्हापासून.

याच २००७ साली केंद्रीय पातळीवर जी मार्गदर्शक तत्त्वे निघाली, त्यांच्या शीर्षकात ‘मूलपेशी संशोधन आणि उपचार’ असे दोन्ही शब्द होते. २०१३ च्या सुधारित आवृत्तीत ‘उपचार’ हा शब्द गाळण्यात आला. रक्ताच्या काही विकारांसाठी केले जाणारे रक्तजनक मूलपेशींचे प्रत्यारोपण, ज्याला आपण सरसकट बोन मॅरो ट्रान्सप्लांट म्हणतो, ते प्रस्थापित आहे. बाकीचे सारे प्रायोगिक असून ते मंजूर चाचणीतच व्हावे, असा त्यामागचा विचार होता. २०१७ च्या आवृत्तीतही हीच भूमिका कायम राहिली.

हा निर्णय अनेकांना रुचला नाही. रुग्णाच्याच अस्थिमज्जेतून काढलेल्या पेशी त्यालाच परत दिल्या, तर ते औषध कसे, ती शस्त्रक्रियेचीच एक पायरी नव्हे काय, असा काही डॉक्टरांचा सवाल होता, आणि तो अगदीच पोकळ नव्हता. ज्यांच्या मुलाच्या आजारावर दुसरे काहीच उरलेले नाही, त्या आईवडिलांना शीर्षकातला एक शब्द गेल्याने काय सांगितले गेले, हेही कोणी नीट समजावून दिले नाही. तरीही शब्द गाळला हे योग्यच झाले, असे प्रस्तुत लेखकाला वाटते, कारण ‘उपचार’ म्हटले की सिद्ध झालेला उपचार, असाच अर्थ आपण घेतो.

खरा गुंता मात्र ‘हाताळणी’ या शब्दाचा आहे. पेशी धुणे, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून वेगळ्या करणे, द्रवात मिसळणे, गोठवून ठेवणे, ही अल्प हाताळणी. शरीराबाहेर त्यांची संख्या वाढवणे किंवा विशिष्ट प्रथिने देऊन त्यांना सक्रिय करणे, ही त्याहून अधिक. या रेषेपलीकडे पेशीकडे औषध म्हणून पाहिले जाते आणि औषधाला लागणारे पुरावेही मागितले जातात. शिवाय पेशी मुळात जे काम करत होती तेच काम तिने नव्या जागीही करायचे आहे का, हा प्रश्न उरतोच. मज्जेतील पेशी पाठीच्या कण्यात सोडताना तो टाळता येत नाही. २०१९ च्या नव्या औषधांविषयीच्या नियमांत मूलपेशींपासून बनवलेल्या उत्पादनांचा उल्लेख नव्या औषधांमध्येच आला.

रेषेपलीकडचा रस्ता चालून जाता येतो, हे ऑक्टोबर २०२३ मध्ये दिसले. रुग्णाच्या टी-पेशी, म्हणजे रक्तातील रोगप्रतिकारक पेशी, काढून, त्यांत जनुकीय बदल करून, त्या वाढवून परत देण्याची मुंबईत विकसित झालेली पद्धत रक्ताच्या काही कर्करोगांसाठी देशात मंजूर झाली, आणि तीही मानवी चाचण्यांनंतरच.

पुण्यात ‘स्टेम सेल’ कुठे मिळते, अशी चौकशी आजही होते. विचारणाऱ्याने आधी चाचणीचा नोंदणी क्रमांक मागावा आणि मग खर्चाचे पाहावे. चाचणीत सहभागी झालेल्याकडून प्रायोगिक इंजेक्शनचे पैसे घेणे नियमांत बसत नाही, त्यामुळे त्या इंजेक्शनचे बिल पुढे आले, तर ते कोणत्या खात्यात मोडते हे तिथेच विचारून घ्यावे.