मनीप्लांटचं पान: जन्माचा पट्टा की नंतरचा पिवळेपणा?

विदर्भात पिवळ्या पानाची धास्ती आहे, आणि ती उगाच नाही. २०२३ च्या खरिपात सोयाबीनवर पिवळा मोझॅक हा विषाणूचा रोग आला, तेव्हा हिरवीगार वावरं पाहता पाहता पिवळी पडली. म्हणून ओसरीतल्या कुंडीत पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांचा मनीप्लांट दिसला की शेजारची काकू म्हणणारच, "याच्यावर रोग आला वाटते, काढून फेका." उलटही होतं. वेल खरोखर आजारी असतो आणि घरचे म्हणतात, याची जातच अशी. दोन्हीकडून नुकसान वेलाचंच, कारण पट्ट्याची निगा वेगळी आणि पिवळेपणाचा इलाज वेगळा.

पट्टा पानासोबतच येतो. गुंडाळलेलं कोवळं पान उलगडतं तेव्हाच पांढरा, दुधी किंवा पिवळसर रंग त्यात असतो आणि पान गळेपर्यंत जागचा हलत नाही. त्याची कड स्पष्ट असते. तो शिरा धरून चालत नाही, कुठेही शिंतोडल्यासारखा पडलेला असतो. बोट फिरवून पाहा: पांढरा भाग हिरव्याइतकाच ताठ आणि तुकतुकीत लागतो. 'गोल्डन' जातीत हे शिंतोडे पिवळसर, 'मार्बल क्वीन'मध्ये दुधी. त्या भागातल्या पेशींत हरितद्रव्य नीट तयारच होत नाही. ती खताची उणीव नव्हे, वाणाची ठेवण आहे. घरात युरियाची बॅग असतेच, म्हणून चिमूटभर टाकून पट्टा हिरवा करू पाहणारे पुष्कळ आहेत. त्याने पट्टा हिरवा होत नाही, उलट मुळं करपतात. आणि असा पट्टा शेजारच्या कुंडीला लागत नाही, वावरातल्या पिकाला तर नाहीच.

पिवळेपणा मागाहून येतो. काल हिरवं असलेलं पान रंग सोडू लागतं, कड धूसर असते, पान मऊ पडतं किंवा कागदासारखं वाळतं. इथे पहिला प्रश्न एकच: कोणतं पान? बुडाची जुनी पानं एकामागून एक पिवळी पडत असतील आणि माती ओलीच असेल, तर पाणी जास्त झालं. आपल्याकडे याचं कारण बहुतेक वेळा कुंडीतली निव्वळ काळी माती असते. ती पाणी धरून ठेवते, आतली हवा कोंडते, मुळं सडतात. सुकली की भेगाळून कुंडीची कड सोडते आणि वरून घातलेलं पाणी भेगेतून थेट खाली जातं. काळी माती घ्यायचीच तर थोडीच घ्यावी. बाकी रेती, पुरतं कुजलेलं शेणखत आणि कोकोपीट. भंडारा-गोंदियाकडे भाताचा तूस सहज मिळतो, तोही चालतो. बोट दोन पेरं मातीत घालायचं, कोरडं लागलं तरच पाणी.

शेंड्याची नवी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या, हे चित्र वरुड-मोर्शीच्या संत्रा बागायतदाराला लगेच ओळखू येईल. चुनखडीच्या मातीत लोह असूनही मुळांना घेता येत नाही. कुंडीतही तेच होतं. यातली पिवळी जागा शिरांच्या मधोमध, दोन्ही बाजूंना सारखी असते. जन्माच्या पट्ट्यात अशी शिस्त कधीच नसते.

पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या त्या गावांत, आणखी एक खूण दिसते: पानाचं टोक आणि कड तपकिरी होऊन वाळते. बोअरच्या पाण्यातला क्षार कुंडीत साचत जातो, मातीवर पांढरी खपली धरते. पांढरा भाग मुळातच नाजूक, त्यामुळे टोक तिथेच आधी जळतं आणि माणूस पट्ट्यालाच दोष देतो. पावसाळ्यात पन्हाळीचं पाणी ड्रममध्ये धरून ठेवा आणि या वेलासाठी बाजूला काढा. अधूनमधून तेच पाणी खालच्या भोकातून वाहून जाईपर्यंत घातलं की क्षार धुतला जातो. आरओच्या मशीनमधून बाहेर फेकलं जाणारं पाणी मात्र कुंडीला घालू नये, त्यात क्षार अधिक असतो.

एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत पानावर सुईच्या टोकाएवढे फिके ठिपके दिसले, तर पान उलटं करून पाहा. बारीक जाळं दिसलं तर तो लाल कोळी. ओल्या फडक्याने दोन्ही बाजू पुसून काढल्या आणि चार-पाच दिवसांनी पुन्हा पुसल्या की बराच आटोक्यात येतो. पेरांच्या बेचक्यात कापसासारखा पुंजका असेल तर पिठ्या ढेकूण. पराटीवर, म्हणजे कपाशीवर, तो पाहिलेल्यांना सांगायला नको.

आता उजेड. पांढरा भाग अन्न जवळपास बनवत नाही, सगळा भार हिरव्यावर. म्हणून पट्टेदार वेलाला साध्या हिरव्या वेलापेक्षा जास्त उजेड लागतो. माजघराच्या अंधारात तो जगतो, पण नवी पानं अधिकाधिक हिरवी येऊ लागतात. हा रोग नव्हे. पूर्वेच्या खिडकीजवळ, सकाळच्या कोवळ्या उन्हात तो खुलतो. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक दिवसांत, पारा ४५ च्या वर असताना, दुपारचं ऊन पानावर पडलं तर त्या बाजूला फिका, कागदी डाग पडतो आणि तो परत भरत नाही. टिनाच्या पत्र्याखालून कुंडी तेव्हा हलवावीच. कुलरची ओल त्याला मानवते, पण थेट झोत नको. हिवाळ्यात पारा दहाच्या खाली उतरला की वेल थांबतो. मूळ फ्रेंच पॉलिनेशियातल्या मूरेआ बेटाचा हा वेल, थंडीची त्याला सवय नाही. तेव्हा पाणी कमी करावं, खत बंद.

धोप्याच्या, म्हणजे अळूच्या, कुळातला असल्याने याच्या पानातही तोंडाला खाजवणारे स्फटिक असतात. लहान लेकरं आणि शेळ्या यांच्यापासून वेल उंचावर ठेवा.

पट्टा टिकवायचा असेल तर कात्री हवी. निव्वळ हिरवी फांदी जोरात वाढून बाकी वेलाला मागे टाकते. ती जिथे शेवटचं चांगलं पट्टेदार पान आहे, त्या पेरापर्यंत मागे छाटा. निव्वळ पांढरी फांदी दिसायला देखणी, पण ती स्वतःचं पोट भरू शकत नाही, तीही काढा. नवा वेल करायला कांडी निवडताना पानापेक्षा दांडा पाहा. ज्या दांड्यावर हिरव्या-पांढऱ्या रेघा सगळ्या बाजूंनी आहेत, त्याच्या डोळ्यातून पट्टेदार फूट यायची शक्यता जास्त. एक पेर, त्यावर हवाई मुळाचा फुगीर कोंब आणि एक पान, एवढी कांडी बाटलीभर पावसाच्या पाण्यात पुरते. पाणी आठवड्याला बदला आणि मुळं बोटभर झाली की कुंडीत लावा.