घरचा ठसा आणि शाळेचा ठसा: पालक व शिक्षक यांच्या प्रभावात नेमका फरक काय?

मूल चांगल्या वळणाला लागले की ते घरचे संस्कार आणि हाताबाहेर गेले की ते शाळेचे दुर्लक्ष, अशी विभागणी पालक सहज करतात. शिक्षकांच्या खोलीत नेमकी उलटी विभागणी ऐकू येते. दोन्ही प्रभाव एकाच मुलावर एकाच वेळी पडत असल्यामुळे कोणती गोष्ट कोठून आली हे ओळखताना गल्लत होते, आणि दहावीच्या निकालानंतर कोल्हापुरात चौकाचौकांत लागणारे अभिनंदनाचे फलक ती गल्लत आणखी वाढवतात. पालक मोठे की शिक्षक, या प्रश्नाला एका शब्दाचे उत्तर नाही असे माझे ठाम मत आहे. हे दोन प्रभाव मुलाच्या वेगवेगळ्या अंगांवर पडतात आणि घराच्या परिस्थितीनुसार त्यांचे वजनही बदलते.

वेळेचे माप लावले तर पारडे पालकांकडे झुकते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन व्हावे लागते. वर्षाचे तास ८,७६० असतात. मूल रोज दहा तास झोपते असे धरले तरी जागेपणाचा जेमतेम सहावा हिस्सा वर्गात जातो. शिवाय मूल पहिलीत येते तेव्हा त्याची सहा वर्षे घरात आणि अंगणवाडीत गेलेली असतात. बोलणे, भीती वाटली की कोणाकडे धावायचे, राग आला की काय करायचे, मोठ्यांना प्रश्न विचारायचा की गप्प बसायचे, या साऱ्याची घडण तोवर बरीच पुढे गेलेली असते. मेंदूच्या एकूण वाढीपैकी ८५ टक्क्यांहून अधिक वाढ सहा वर्षांच्या आत होते, असे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही नमूद आहे.

मात्र तासांच्या हिशेबात एक गोष्ट निसटते. कोल्हापूरच्या कपिलतीर्थ मंडईत आईशेजारी बसून कोथिंबीर-मेथीच्या पेंढ्या विकणारे तिसरी-चौथीतले मूल पाहा. छत्तीस रुपयांची भाजी झाली आणि गिऱ्हाईकाने पन्नासची नोट पुढे केली, तर ते छत्तीसवर चार म्हणजे चाळीस, वर दहा, असे पुटपुटत चौदा रुपये अचूक परत देते. तेच मूल वर्गात पन्नासखाली छत्तीस मांडून वजाबाकी करताना दशक सुटा करायचे विसरते आणि सव्वीस लिहून मोकळे होते. ब्राझीलमधील रेसिफे शहरात बाजारात विक्री करणाऱ्या मुलांचा असा अभ्यास झाला होता आणि तो १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. मुले अवघी पाचच होती, पण बाजारातल्या व्यवहारात त्यांची सुमारे ९८ टक्के उत्तरे बरोबर आली आणि कागदावरच्या नुसत्या आकडेमोडीत सुमारे ३७ टक्केच. मंडईतल्या मुलाला संख्येची जाण घराने दिली आहे. ती कागदावर उतरवून अनोळखी उदाहरणाला लावणे हे शिक्षकाचे काम आहे. आईने ते काम केले नाही म्हणून ती कमी पडली असे होत नाही, आणि मूल वजाबाकीत चुकले म्हणून ते मठ्ठ ठरत नाही. खरे नुकसान होते ते शिक्षकाला मुलाच्या मंडईतल्या हिशेबाची खबरच नसते तेव्हा.

अमेरिकेत १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेला कोलमन अहवाल या वादात हमखास पुढे केला जातो. मुलांच्या गुणांमधील फरकाचा संबंध शाळेच्या इमारती व साधनसामग्रीपेक्षा कौटुंबिक पार्श्वभूमीशी अधिक आहे, असे त्यात दिसले होते आणि त्यावरून शाळेने फारसे काही होत नाही असा निष्कर्ष पुष्कळांनी काढला. तो घाईचा आहे. दोन शाळांमधील फरक ही एक गोष्ट आणि एकाच शाळेतील दोन शिक्षकांमधील फरक ही दुसरी; अहवालाचा भर पहिल्यावर होता. त्याच अहवालात, शिक्षकाच्या गुणवत्तेचा परिणाम वंचित गटांतील मुलांवर अधिक होतो, असेही नोंदवले आहे. हा भाग क्वचितच सांगितला जातो, आणि मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

कोल्हापूर जिल्ह्यात गळीत हंगाम सुरू झाला की बीड आणि आसपासच्या भागांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात. मुले आईबापांसोबत कोपीवर (तात्पुरत्या झोपडीत) राहतात. म्हणजे पालक जवळ असतात, पण पहाटेपासून फडात राबणाऱ्या त्या पालकांकडे मुलाला वाचून दाखवायला वेळ नसतो आणि अनेकदा अक्षरओळखही नसते. अशा मुलाला हंगामभर कोणी शिकवले की नाही, यावर ते पुढे वाचू शकेल की नाही हे ठरू शकते. शिकलेल्या घरातील मुलाला एखादे वर्ष कच्चा शिक्षक मिळाला तर घर, शिकवणी आणि पुस्तके ती उणीव बऱ्याच अंशी भरून काढतात. कोपीवरच्या मुलाला ही सोय नाही. म्हणून पालकांचा प्रभाव जास्त, असे सरसकट म्हणणारे लोक नकळत स्वतःच्या घराबद्दलच बोलत असतात.

राजर्षी शाहू महाराजांना ही विषमता पुरती कळली होती. १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे करताना त्यांनी मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना दरमहा एक रुपया दंड ठेवला, म्हणजे पालकाची जबाबदारी कायद्याने बांधली. पण त्याआधीच, १९०१ पासून, त्यांनी वसतिगृहे उभारायला सुरुवात केली होती. गावाकडच्या घरातून शिक्षणाला पाठबळ मिळणे शक्य नसेल, तर राहण्या-जेवणाची आणि अभ्यासाची सोय शहरात व्हावी, हा त्यामागचा विचार होता. निव्वळ शाळा काढून भागले असते, तर वसतिगृहांची गरज पडली नसती.

स्वभावाच्या बाबतीत घराचा हात वरचा असतो, हे मान्य करायला हवे. तरीही स्वतःच्या कुवतीबद्दल मुलाचे मत घडवण्यात शिक्षकाचे एक वाक्य फार दूरवर जाते, कारण आईने केलेले कौतुक मूल मायेच्या खात्यात टाकते आणि बाईंनी केलेले खरे मानते. अपमानाचेही तसेच आहे. १९८५ मध्ये कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय सुरू करणाऱ्या लीलाताई पाटील यांनी भीती आणि शिक्षेऐवजी मुलांच्या अनुभवातून शिकवण्यावर भर दिला, तो याच दृष्टीने पाहावा.

पालक आणि शिक्षक यांनी एकत्र बसण्याची जागा कायद्याने आधीच करून ठेवली आहे. सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात. प्रत्यक्षात अशा बैठकांचा बराच वेळ पोषण आहार, रंगरंगोटी आणि सह्या यांतच जाऊ शकतो. त्याऐवजी प्रत्येक बैठकीतील अर्धा तास मुलांसाठी राखून ठेवावा: मूल घरी कोणते काम करते, कोणता हिशेब तोंडी करते, कशाला घाबरते हे पालकांनी सांगावे, आणि ते कोणत्या उदाहरणाला किंवा कोणत्या जोडाक्षराला अडते हे शिक्षकांनी सांगावे. अक्षरओळख नसलेली आईसुद्धा यातला आपला वाटा पुरेपूर देऊ शकते.