शांघायचा लुपू पूल: पार्श्वभूमी

हुआंगपू नदी शांघायच्या मधून वाहते, तरी हे शहर कित्येक दशके एकाच काठावर वाढले. बाजार, बँका, दाट वस्ती सगळे पश्चिमेकडच्या पुशीत. समोरच्या पुडाँगमध्ये गोदामे, कारखाने आणि शेती. 1980च्या दशकापर्यंत मध्यशहरात नदीवर एकही पूल नव्हता. नदीखालून बोगदा होता, पण सामान्य माणसाची भिस्त फेरीबोटीवरच. डिसेंबर 1987मध्ये दाट धुक्याने बोटी थांबल्या, लुज्याझुईच्या धक्क्यावर गर्दी साचली आणि चेंगराचेंगरीत माणसांचे जीव गेले.

1990मध्ये पुडाँगच्या विकासाची घोषणा झाली आणि पुलांचा सपाटा सुरू झाला: 1991मध्ये नानपू, 1993मध्ये यांगपू, 1997मध्ये शुपू. तिन्ही केबल-स्टेड, म्हणजे उंच मनोऱ्यांना तिरक्या केबलींनी पेललेले. 602 मीटरचा यांगपूचा गाळा, म्हणजे दोन आधारांमधले अंतर, तर त्या वेळी या प्रकारात जगात सर्वांत लांब होता. आराखडे तयार, कारागिरांचा हात बसलेला. चौथा पूल, म्हणजे लुपू, हाही तसाच बांधला असता तर स्वस्तात पडला असता. शहराने मात्र पोलादी कमान निवडली. यात गरजेपेक्षा हौस जास्त होती, असे माझे मत.

शिवाय कमानीला शांघायची जमीन मानवणारी नाही. कमान आपल्या दोन्ही टोकांना बाहेरच्या बाजूला रेटत असते. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या न्यू रिव्हर गॉर्ज पुलाची 518 मीटरची कमान 1977पासून जगात सर्वांत लांब होती. तिथे हा रेटा दरीचा खडक झेलतो. शांघायखाली यांगत्झे नदीने आणून टाकलेला मऊ गाळ, खडक फार खोलवर. म्हणून पुलाचे अभियंते लिन युआनपेई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कमानीची दोन टोके रस्त्याच्या पातळीवरून आडव्या पोलादी केबलींनी एकमेकांना बांधली. धनुष्याला प्रत्यंचा असते तशी ही योजना. रेटा केबलींनी घेतला, पायांखाली जमिनीत खोल रोवलेल्या खांबांवर, पाइल्सवर, मुख्यतः वजन उरले.

काम ऑक्टोबर 2000मध्ये सुरू झाले. नदीतली जहाजांची ये-जा अडवायची नव्हती, त्यामुळे खालून आधार देणे शक्य नव्हते. काठांवर तात्पुरते मनोरे उभारून कमानीचे पेटीसारखे पोकळ तुकडे केबलींनी तोलत दोन्ही बाजूंनी पुढे नेले. जोडणी बहुतेक ठिकाणी बोल्टऐवजी वेल्डिंगची, म्हणजे मापातली चूक नंतर सावरायला फारशी जागा नाही. ऑक्टोबर 2002मध्ये दोन्ही अर्धे नदीच्या मध्यावर जुळले. 28 जून 2003 रोजी पूल खुला झाला: गाळा 550 मीटर, कमानीची उंची 100 मीटर, वर सहा मार्गिका.

2008मध्ये पूल व बांधकाम अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, आयएबीएसईने, त्याला उत्कृष्ट बांधकामाचा पुरस्कार दिला. जगातल्या सर्वांत लांब कमानीचा विक्रम मात्र पुढच्याच वर्षी गेला. चोंगचिंगच्या चाओत्यानमेन पुलाचा गाळा 552 मीटरचा आहे.