दहा सेकंद श्वास रोखला म्हणजे फुप्फुसं ठणठणीत?

‘खोल श्वास घ्या, दहा सेकंद रोखा, खोकला आला नाही तर कोरोना नाही आणि फुप्फुसंही ठीक.’ २०२० पासून हा निरोप फिरतोय. घरच्या घरी, फुकटात होणारी चाचणी. विश्वास बसणं स्वाभाविकच.

पण श्वास रोखल्यावर जी तगमग होते, ती मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड साचल्यामुळे. ऑक्सिजन किती आहे याचा त्यातून अंदाज येत नाही. म्हणूनच कोविडमध्ये ऑक्सिजन घसरलेले काही रुग्ण निवांत गप्पा मारताना दिसत. तरुण माणूस संसर्ग असूनही सहज अर्धा मिनिट श्वास रोखेल. उलट दम्याच्या आजीला संसर्ग नसतानाही पाचव्या सेकंदाला ढास लागेल. विषाणू आहे की नाही हे नाका-घशातल्या स्वॅबच्या चाचणीवरून कळतं.

रक्तातला ऑक्सिजन पडताळायचा असेल तर कपाटात पडलेला ऑक्सिमीटर काढा. नेलपॉलिश पुसा, बोट गार असेल तर चोळून गरम करा. शांत बसून आकडा पाहा, सहा मिनिटं घरातच चाला, पुन्हा पाहा. (आधीच धाप लागत असेल तर चालण्याच्या भानगडीत पडू नका.) आकडा ९४ च्या खाली गेला किंवा तीनपेक्षा जास्त उतरला, तर डॉक्टरांना दाखवा.

बरं होऊन महिने लोटले तरी जिना चढताना दम लागत असेल, तर ऑक्सिमीटरवरही विसंबू नका. फुप्फुसांची क्षमता स्पायरोमेट्रीत (नळीत जोरात फुंकून करायच्या चाचणीत) मोजतात, व्रण राहिलेत का ते सीटी स्कॅनमध्ये दिसतं.