वीज काढल्यावर पाण्यात काय उरतं?

पावसाळ्यात कोयना धरणाच्या बातमीत एक ओळ हमखास असते: पायथा वीजगृहाची दोन्ही युनिट (म्हणजे जनित्र संच) सुरू, नदीपात्रात २१०० क्युसेक (सेकंदाला तेवढे घनफूट) विसर्ग. आणि एक समजही तितकाच पक्का आहे. वीज काढून घेतलेल्या पाण्यातला कस जातो, ते पिकाला मानवत नाही, असं चांगली शिकलेली माणसंही सांगतात. कोयनेच्याच आकड्यांवर हा समज तपासून पाहता येतो.

कोयनेचं बरंचसं पाणी धरणाच्या पायथ्याशी जातच नाही. धरणाचा शिवसागर जलाशय सह्याद्रीच्या माथ्यालगत, समुद्रसपाटीपासून साधारण ६५० मीटर उंचीवर आहे आणि पश्चिमेला कडा उतरला की थेट कोकण. डोंगरातून बोगदा काढून पाणी पोफळीच्या भूमिगत वीजगृहात सोडलं, की त्याला सुमारे ४७५ मीटरची उतरण मिळते. एक घनमीटर पाणी म्हणजे हजार किलो. वस्तुमान, गुरुत्वीय त्वरण आणि उंची यांचा गुणाकार केला की साधारण ४६ लाख ज्यूल ऊर्जा येते. विजेचं एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. यंत्रांतली घट धरली, तर घनमीटरमागे १.१५ युनिटच्या आसपास वीज हाती लागते.

या गुणाकारात क्षार नाहीत, प्राणवायू नाही, सत्त्व नाही. फक्त वजन आणि उंची आहे. माळ्यावरचं धान्याचं पोतं खाली उतरवलं म्हणून आतले दाणे पोचट होत नाहीत, तसंच हे.

पोफळीत पेल्टन जातीची टर्बाइन आहेत, आणि त्यांचं काम इतकं देखणं आहे की त्यावर थोडं थांबायलाच हवं. एवढ्या उंचीवरून आलेलं पाणी नोझलमधून बाहेर पडतं तेव्हा त्याचा वेग सेकंदाला ९० मीटरहून जास्त असतो, म्हणजे ताशी सव्वातीनशे किलोमीटरच्या वर. ही धार चाकाच्या परिघावर बसवलेल्या जोडवाट्यांवर आदळते. वाटीच्या मधोमध धारदार कणा असतो. तो धार दुभंगतो आणि दोन्ही भाग वाटीच्या वळणावरून जवळजवळ उलट दिशेला फिरतात.

आता चाक किती वेगानं फिरू द्यायचं? वाट्या अजिबात हलल्या नाहीत, तर पाणी आलं त्याच वेगानं मागे फिरेल आणि आपली सगळी ऊर्जा घेऊन जाईल. वाट्या धारेच्याच वेगानं पळाल्या, तर धार त्यांना ढकलूच शकणार नाही. उत्तर बरोबर मध्ये आहे. वाटीचा वेग धारेच्या निम्मा ठेवायचा. मग वाटीवर बसून पाहिलं तर पाणी निम्म्या वेगानं येतं आणि निम्म्या वेगानं मागे वळतं. पण वाटी स्वतः तेवढ्याच वेगानं पुढे चाललेली असते. दोन्ही वेग एकमेकांना खोडतात, आणि वीजगृहात उभं राहून पाहणाऱ्याच्या दृष्टीनं पाण्याचा वेग जवळपास शून्य होतो. क्षणापूर्वी ताशी तीनशेनं धावणारं पाणी वाटीतून बाहेर पडून नुसतं खाली ओघळतं. काढून घेतला तो त्याचा वेग.

टर्बाइन नसतं आणि हेच पाणी कड्यावरून आपटत खाली आलं असतं, तर या ऊर्जेची उष्णता झाली असती आणि पाणी सुमारे १.१ अंश सेल्सिअसनं तापलं असतं. ज्याला लोक कस म्हणतात, त्याची किंमत ही एवढी. धरणात गाळ खाली बसतो आणि पुढच्या पाण्यात तो कमी असतो, हे मात्र खरं. पण तो अडवण्याचा परिणाम आहे. वीज न काढताही तो तसाच राहील. ‘ऊर्जाभारित पाणी’ देणारी महागडी यंत्रं विकणारे याच गैरसमजावर पोट भरतात. त्यांच्या नादी लागू नये.

परत त्या २१०० क्युसेककडे येऊ. म्हणजे सेकंदाला सुमारे ६० घनमीटर. पायथ्याला त्यातून ४० मेगावॅट मिळतात, कारण १०३ मीटर उंच धरणाखाली मिळणारी उतरण त्याहून जास्त असूच शकत नाही. तेच पाणी पश्चिमेला सोडलं असतं तर सुमारे २५० मेगावॅट मिळाले असते, आणि खाली कोळकेवाडीला, म्हणजे प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यात, आणखी एकदा वीज झाली असती.

मग सगळंच पश्चिमेला का सोडत नाहीत? कारण कोयना ही कृष्णेची उपनदी, म्हणजे हे पाणी मूळचं कृष्णेचं. कृष्णा पाणीवाटप लवादानं वीजनिर्मितीसाठी वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातली. जलाशयाची क्षमता १०५ टीएमसी. पूर्वेला सोडलेल्या पाण्यावर नदीकाठची शेती आणि टेंभू, ताकारीसारख्या उपसा योजना तगतात.

मर्यादा तीच असताना १००० मेगावॅटचा चौथा टप्पा कशाला बांधला, हा प्रश्न रास्त आहे. उत्तर वेळेत दडलं आहे. औष्णिक संच थंड पडलेला असेल तर सुरू व्हायला काही तास घेतो, जलविद्युत संच काही मिनिटांत पूर्ण भार उचलतो. पहिले दोन टप्पे आणि चौथा मिळून १६०० मेगावॅट पूर्ण ताकदीनं अखंड चालवले, तर ६७.५ टीएमसी पाणी दोन महिन्यांतच संपेल. म्हणून ते संध्याकाळसारख्या कडक मागणीच्या वेळी चालवायचे आणि एरवी पाणी राखायचं. तेवढ्याच पाण्यातून विजेचे युनिट फारसे वाढले नाहीत, पण हवे त्या तासाला मिळू लागले. या टप्प्यासाठी भरल्या जलाशयाच्या तळाखालून बोगदा नेऊन शेवटचा खडक सुरुंगानं उडवला, १३ मार्च १९९९ रोजी. आशियातला तो पहिला ‘लेक टॅपिंग’चा प्रयोग. २०१२ साली दुसरा झाला.

वीजनिर्मितीनंतरचं पाणी, म्हणजे अवजल, वाशिष्ठीतून अरबी समुद्राला मिळतं. ते पिकाला आणि शुद्ध करून पिण्यालाही इतर नदीच्या पाण्याइतकंच चालेल. ते परत घाटावर दुष्काळी भागासाठी चढवावं असं कुणालाही वाटेल, पण पंपांतली घट धरता पोफळीच्या उंचीपुरतेच घनमीटरमागे दीड युनिटच्या वर खर्च होतील, आणि तिथं मिळाले होते १.१५. कोकणात खालच्या खाली वापरायचं असेल तर हा भुर्दंड पडत नाही.