फ्रीस्टँडिंग सी : लायब्ररी फंक्शनांची नावे

कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा), बूटलोडर (तो सुरू करून देणारा प्रोग्रॅम) किंवा मायक्रोकंट्रोलरवरचे फर्मवेअर यांच्याखाली ऑपरेटिंग सिस्टिम नसते आणि सी भाषेची पूर्ण लायब्ररी, म्हणजे तयार फंक्शनांचा संच, हीही बहुधा नसते. सी प्रमाणकात अशा वातावरणाला ‘फ्रीस्टँडिंग’ म्हणतात. नेहमीचे वातावरण म्हणजे ‘होस्टेड’. फ्रीस्टँडिंगमध्ये प्रोग्रॅम ‘मेन’पासूनच सुरू व्हावा असेही बंधन नाही. १९९९च्या प्रमाणकाने त्यासाठी फक्त ७ हेडर फाइलींची हमी दिली. त्यांत प्रकार, मॅक्रो आणि मर्यादा आहेत. मजकूर छापणाऱ्या ‘प्रिंटएफ’सारखे फंक्शन एकही नाही.

होस्टेड वातावरणात लायब्ररीतील फंक्शनांची नावे राखीव असतात, म्हणून कंपायलर (सी कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम) नुसत्या नावावरून अर्थ गृहीत धरतो. ठरलेल्या स्ट्रिंगची लांबी मोजणाऱ्या ‘स्ट्रलेन’ऐवजी तो थेट आकडा लिहितो. नुसती एक ओळ छापणाऱ्या ‘प्रिंटएफ’च्या जागी जीसीसी हा कंपायलर ‘पुट्स’ हे साधे फंक्शन घालतो. कर्नलकर्त्याने ‘प्रिंटएफ’ लिहिले पण ‘पुट्स’ लिहिले नाही, तर लिंकर (कोडचे तुकडे जोडणारा प्रोग्रॅम) त्याच्या कोडमध्ये कुठेच नसलेल्या नावावरून अडून बसतो.

जीसीसी व क्लँग या कंपायलरांना ‘-एफफ्रीस्टँडिंग’ हा पर्याय दिला की ही गृहीतके थांबतात, कारण नावांवरून अर्थ न धरण्याचा ‘-एफनो-बिल्टइन’ हा पर्याय त्यातच आला. मग ‘प्रिंटएफ’ हे इतरांसारखेच एक नाव. जुनी सवलत हवीच असेल, तर नावाआधी ‘__बिल्टइन_’ लावून ती मागता येते.

सवलत सुटते ती मात्र एकाच बाजूने. प्रोग्रॅमरने लिहिलेल्या नावाचा अर्थ कंपायलर आता गृहीत धरत नाही, पण स्वतः काही नावांना हाक मारायचे सोडत नाही. मेमरीतले बाइट हलवणारी, भरणारी किंवा ताडून पाहणारी ‘मेमकॉपी’, ‘मेममूव्ह’, ‘मेमसेट’ आणि ‘मेमकम्प’ ही ४ फंक्शने फ्रीस्टँडिंगमध्येही पुरवावीच लागतील, असे जीसीसीची माहितीपुस्तिका स्पष्ट सांगते. एक मोठे स्ट्रक्चर दुसऱ्यात ठेवले, तरी मागे ‘मेमकॉपी’चा कॉल तयार होऊ शकतो.

यातून निघणारा दोष भलताच फसवा आहे. स्वतःच्या ‘मेमसेट’मध्ये बाइट भरणारा साधा लूप लिहावा, कंपायलरच्या ऑप्टिमायझरने (कोड वेगवान करणाऱ्या भागाने) तो ओळखून त्याजागी ‘मेमसेट’चा कॉल घालावा, आणि फंक्शनने स्टॅक संपेपर्यंत स्वतःलाच बोलवत राहावे! जीसीसीच्या जुन्या आवृत्त्यांत हे ‘-एफफ्रीस्टँडिंग’ असूनही घडत असे. उपाय म्हणजे तेवढ्या फाइलीपुरता ‘-एफनो-ट्री-लूप-डिस्ट्रिब्यूट-पॅटर्न्स’ हा पर्याय देणे, किंवा फंक्शन असेंब्लीत लिहिणे.

‘-एफफ्रीस्टँडिंग’ची ‘-नोएसटीडीलिब’शी (प्रमाणित लायब्ररी न जोडण्याच्या पर्यायाशी) गल्लत होते; पण तो पर्याय लिंक करतानाचा आहे, कंपायलरच्या गृहीतकांना तो हात लावत नाही.